हाफ-टन पिकअपमागे मोठा ट्रॅव्हल ट्रेलर: जोडण्याआधी, जोडताना आणि वाटेत

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मला फोन येऊ लागतात. प्रश्न ठरलेला असतो: "आमचा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो, ट्रेलर फक्त सहा हजारांचा आहे, मग काळजी कशाची?" विकणाऱ्यानेही त्यांना हेच सांगितलेलं असतं. चूक इथेच सुरू होते. हाफ-टन म्हणजे मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग: एफ-१५०, सिल्व्हरॅडो १५००, रॅम १५०० किंवा टुंड्रा, यांपैकी कुठलाही ट्रक घ्या. सव्वीस-अठ्ठावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, जोडला की ओढण्याची ताकद संपायच्या खूप आधी पाठीवर वजन पेलण्याची क्षमता संपते. म्हणून सुरुवात ट्रकच्या दारापासून करायची.

सगळी वजनं पौंडांत देतो, कारण इथली स्टिकर आणि काटे पौंडांतच असतात. एक किलो म्हणजे साधारण २.२ पौंड.

## १. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेच्या माहितीचं पिवळं-पांढरं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर वजन नको, ते त्यावर लिहिलेलं असतं. हा तुमच्या ट्रकचा पेलोड. तो त्याच ट्रकचा असतो, त्या मॉडेलचा नव्हे. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांमध्ये सनरूफ, मोठी चाकं, फोर व्हील ड्राइव्ह यांमुळे पेलोड चारशे-पाचशे पौंडांनी वेगळा निघू शकतो. म्हणून ब्रोशरमधला किंवा मित्राच्या ट्रकचा आकडा धरू नका.

पेलोडमध्ये ड्रायव्हरही धरलेला असतो. ट्रेलरची पुढची दांडी ट्रकमागच्या लोखंडी गोळ्यावर (बॉल) जेवढं वजन टाकते, म्हणजे टंग वेट, तेही यातच येतं आणि हिचचा, म्हणजे हा बॉल धरणाऱ्या जोडणीचा, लोखंडी सांगाडाही. माझ्या ट्रकचा हिशोब असा:

पेलोड १,४८० पौंड. घरची चार माणसं ४६०. हिच ६०. भरलेला ट्रेलर ७,००० पौंडांचा, त्याच्या १३ टक्के टंग वेट म्हणजे ९१०. बेरीज १,४३०. उरले ५० पौंड. ट्रकच्या मागच्या हौद्यात (बेड) सरपण, खुर्च्या आणि बर्फाची पेटी ठेवली की १४० पौंड होतात, म्हणजे हिशोब ९० पौंडांनी वर गेला. हा ट्रक ११,००० पौंड ओढतो असं कागदावर लिहिलेलं आहे, आणि ते खोटंही नाही. फक्त ओढण्याचा तो आकडा काढताना ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमची आई, दोन मुलं आणि कुकर-परात त्यात नसतात.

तपासा: शेजारच्या दुसऱ्या स्टिकरवर ट्रकचं एकूण कमाल वजन आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची (चाकांच्या आसाची) मर्यादा असते. दोन्ही स्टिकरांचा फोटो काढून ठेवा, काट्यावर लागेल. मग ट्रकच्या मागे खाली वाकून हिचच्या चौकोनी नळीवरची चिठ्ठी वाचा. तिच्यावर बहुधा दोन आकडे असतात: नुसत्या बॉलवर किती आणि वजन वाटून देणारा हिच (भाग ६) लावल्यावर किती. बऱ्याच हाफ-टन ट्रकांवर पहिला आकडा ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग वेट एवढाच असतो.

सावध: स्प्रिंगला जोड म्हणून हवेची पिशवी (एअरबॅग) किंवा जाड स्प्रिंग बसवून ट्रकची मागची बाजू वर येते, पेलोड वाढत नाही. स्टिकरवरचा आकडा तोच राहतो.

## २. ट्रेलरचं रिकामं वजन विसरा

जाहिरातीतलं वजन कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात बॅटरी, पाणी, भांडी, गाद्या, नळ्या काही नसतं. माझा ट्रेलर कागदावर ५,९०० पौंडांचा आहे आणि सहलीला निघताना ७,००० भरतो. यात काही उधळपट्टी नाही. ३० गॅलन पाणी म्हणजे २५० पौंड, वीस पौंडी प्रोपेनचे दोन भरलेले सिलिंडर म्हणजे ७५ च्या आसपास, आणि बाकी घरसंसार.

म्हणून ट्रेलर विकत किंवा भाड्याने घेताना त्याच्या स्टिकरवरचं कमाल वजन पाहा आणि त्याच्या १३ टक्के टंग वेट धरून पहिल्या पायरीचा हिशोब करा. तिथे बसत नसेल तर लहान ट्रेलर घ्या. ट्रक भाड्याचा असेल तर करारात ट्रेलर ओढायची परवानगी आहे का ते आधी वाचा. बहुतेक भाडेकरारांत ती नसते.

## ३. सामान लावणं: बैलगाडीचाच नियम

ज्यांनी गावी बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना हे समजवावं लागत नाही. मागे जास्त माल पडला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त पडला की बैलांची मान दबते. ट्रेलरचंही अगदी तसंच. भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यायला हवा. मी १२ ते १३ धरतो. १० च्या खाली गेलं की ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो, १५ च्या वर गेलं की ट्रकची पाठ बसते.

जड वस्तू खाली आणि चाकांच्या वर किंवा थोड्या पुढे ठेवा: तांदळाची पिशवी, डबे, अवजारांची पेटी. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक. त्या टोकाला ठेवलेलं वजन पुढचा भार झपाट्याने कमी करतं, शिवाय झोकाही वाढवतं.

पाण्याची टाकी कुठे आहे ते वाकून पाहा. चाकांच्या पुढे असेल तर भरल्यावर टंग वेट वाढेल, मागे असेल तर घटेल. मैल्याच्या टाक्या मात्र रिकाम्या करूनच निघा.

## ४. टायर आणि नट

ट्रेलरच्या टायरवर 'एसटी' (स्पेशल ट्रेलर) अशी खूण असते. वेगाची वेगळी खूण नसेल तर हे टायर ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात. ट्रकला ८० जमतं म्हणून टायरला जमत नाही.

- हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. आकडा ट्रेलरच्या स्टिकरवरचा.
- टायरच्या बाजूवर 'डीओटी'नंतरच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसत असली तरी पाच-सहा वर्षांच्या पुढे गेलेले टायर मी वापरत नाही. घरापुढे उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, आतून सुकतात.
- चाकांचे नट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळा. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या ५० मैलांत पुन्हा तपासा.

## ५. जोडणीचा क्रम, न बदलता

हा क्रम कागदावर लिहून ट्रकच्या खणात ठेवा. जोडणारा माणूस एकच हवा आणि त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलू नये. अपघात बहुधा "तू केलंस ना?" "मला वाटलं तू केलंस" यातून होतात.

1. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.
2. बॉलचा आकार वाचा. मोठ्या ट्रेलरला बहुधा २ ५/१६ इंची लागतो. २ इंची बॉलवर त्याचा कपलर (दांडीच्या टोकाची वाटी) बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडतो.
3. ट्रक मागे घ्या, कपलर बॉलवर उतरवा, खिटी बंद करा, तिच्यात पिन घाला.
4. आता उचलून पाहा: जॅकने ट्रेलरची दांडी वर उचला. ट्रकची मागची बाजू सोबत वर आली तर कपलर बसला. एकटी दांडीच वर आली तर बसलेला नाही. खाली वाकून बॉलखाली पकड आली आहे ना, तेही डोळ्यांनी पाहा.
5. स्प्रिंग बार लावा (कसे ते भाग ६ मध्ये).
6. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुलीसारख्या लावा. कपलर निसटला तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणणार नाहीत इतक्या सैल आणि जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड.
7. ब्रेकअवेची तार, म्हणजे ट्रेलर सुटला तर पिन उपसून त्याचे ब्रेक लावणारी, ट्रकच्या हिचवर वेगळी अडकवा. साखळीला अडकवू नका, तिचा उपयोग साखळ्या तुटल्यावरच आहे.
8. सात पिनांची वायर जोडा. इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, मागचे दिवे दुसऱ्याला मागे उभं करून तपासा.
9. जॅक पूर्ण वर घ्या. मग ठोकळे काढा.

आधी ठोकळे, शेवटीही ठोकळे. मधलं काही विसरलं तरी ट्रेलर उतारावरून चालता होऊ नये.

## ६. स्प्रिंग बार: बोनेटकडे पाहून लावायचे

बॉलवर ९०० पौंड आले की ट्रकची मागची बाजू दबते आणि पुढची उचलली जाते. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग पोकळ लागतं आणि ब्रेकही कमी पकडतात. वजन वाटून देणाऱ्या हिचचे दोन बार तो भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात.

बार किती ताणायचे ते मागून पाहून ठरवायचं नाही. पुढच्या चाकाच्या मधून वर, फेंडरच्या कडेपर्यंत उंची मोजा. ट्रेलरशिवाय माझी ३९ इंच येते. ट्रेलर जोडून, बार न लावता ४०½. बार लावून ३९¾, म्हणजे उचललेल्यातली निम्मी परत आली. काही ट्रकांच्या पुस्तिका निम्मं सांगतात, काही वेगळं; आपल्या ट्रकची पुस्तिका सांगते ते करा. मूळ उंचीपेक्षा खाली जाऊ देऊ नका. तेव्हा मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर ट्रक मागून घसरतो.

बार चढवताना आधी जॅकने दांडी आणि ट्रकची पाठ दोन्ही एकत्र तीन-चार इंच वर उचला. मग बार हाताने सहज बसतात. पहारीने जोर लावावा लागत असेल तर उचलणं कमी पडलं आहे.

सावध: ताणलेल्या बारच्या रेषेत तोंड किंवा गुडघा नको. तो सुटला तर हाड मोडतं.

## ७. ब्रेक बसवणं

ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि त्यांचा जोर ट्रकमधल्या कंट्रोलरवर ठरवावा लागतो. बहुतेक जण मागच्या माणसाने ठेवलेल्या आकड्यावरच निघतात.

रिकाम्या, कोरड्या, सपाट पार्किंगमध्ये जा. ताशी २० ते २५ मैलांवर ट्रकच्या ब्रेकला पाय न लावता कंट्रोलरची खिटी हाताने पूर्ण दाबा. ट्रेलरने ट्रकला मागून ठामपणे धरून ठेवलं पाहिजे. चाकं घासत थांबली तर जोर कमी करा, काहीच जाणवलं नाही तर वाढवा. चाकं अडकायच्या जरा आधीचा आकडा बरोबर. सामान बदललं किंवा पाऊस आला की पुन्हा पाहा.

मग जागेवर उभं असताना, सात पिनांची वायर काढून ब्रेकअवेची पिन उपसा आणि ट्रक हळूच पुढे घ्या. ट्रेलर अडला पाहिजे. अडला नाही तर बहुधा ट्रेलरची बॅटरी उतरलेली असते. पिन लगेच परत बसवा, वायर परत जोडा.

## ८. काट्यावर तीन वेळा

इथवरचं सगळं अंदाजाचं होतं. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर 'कॅट स्केल' नावाचे वजनकाटे असतात. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभे राहतील असे थांबा. तीन वेळा वजन करायचं. त्याच काट्यावर २४ तासांच्या आत पुन्हा केलं तर कमी पैसे पडतात. घरची सगळी माणसं ट्रकमध्येच बसलेली हवीत.

माझ्या पावत्या:

- बार लावून: पुढे ३,१२०, मागे ३,४६०, ट्रेलरची चाकं ६,२००
- बार सोडून: पुढे २,९४०, मागे ३,७४०, ट्रेलर ६,१००
- ट्रेलर बाजूला लावून, फक्त ट्रक: पुढे ३,२८०, मागे २,५००

दुसऱ्या पावतीतल्या ट्रकच्या वजनातून (६,६८०) तिसरीतलं (५,७८०) वजा केलं की टंग वेट ९०० निघतं. ट्रेलरचं एकूण वजन ६,१०० अधिक ९००, म्हणजे ७,०००. टक्केवारी जवळजवळ १३, छान. पुढच्या चाकांवरून ३४० पौंड उचलले गेले होते, त्यातले १८० बारनी परत आणले.

आता मर्यादा पाहा. माझ्या ट्रकचं कमाल वजन ६,६००. बार लावून तो ६,५८० भरला, म्हणजे २० पौंड खाली. कागदावर पास, पण मला ते पटलं नाही. सरपण घरी ठेवलं (ते तसंही जिथे जाऊ तिथेच विकत घ्यावं, लाकडातून कीड पसरते) आणि बर्फाची पेटी ट्रकमधून ट्रेलरमध्ये, चाकांच्या वर, हलवली.

तपासा: ट्रकचं एकूण वजन, ट्रकचे दोन्ही अ‍ॅक्सल, ट्रेलरचं एकूण वजन, ट्रेलरचे अ‍ॅक्सल, हिचवरची चिठ्ठी, आणि ट्रक-ट्रेलर मिळून पुस्तिकेत दिलेलं कमाल वजन. यातलं एकही ओलांडलं असेल तर निघायचं नाही.

## ९. रस्ता निवडणं

गाडीचा नेहमीचा नकाशा तुमच्या मागे ११ फूट उंच घर आहे हे जाणत नाही. उंची टेपने, छतावरच्या एसीपर्यंत मोजा आणि आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवा.

न्यू जर्सीहून बॉस्टनकडे जाणाऱ्यांनो, कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे. दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी: बाल्टिमोरच्या बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांत ट्रेलरवरचे नेहमीचे प्रोपेन सिलिंडर चालत नाहीत. पूर्वी की ब्रिजवरून वळून जाता यायचं, तो पूल मार्च २०२४ मध्ये कोसळला. आता शहराभोवतीच्या आय-६९५ महामार्गाच्या पश्चिम बाजूने फिरून जा.

## १०. चालवताना

पुढच्या गाडीपासून पाच-सहा सेकंदांचं अंतर. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल वेग कायद्यानेच ५५ मैल आहे. मी इतरत्रही ६० च्या आसपासच राहतो. वळताना ट्रेलरची आतली चाकं कोपरा कापतात, म्हणून चौकात थोडं पुढे जाऊन वळा. पेट्रोल पंपावरून निघताना याच्या उलट होतं: लगेच वळलात तर ट्रेलरचं शेपूट बाहेर फिरतं आणि पंपाला किंवा खांबाला लागतं. पूर्ण बाहेर पडेपर्यंत सरळ जा.

ट्रेलर झुलू लागला तर. वायोमिंगमध्ये आय-८० वर, लॅरमी आणि रॉलिन्सच्या मध्ये, वारा आडवा येतो. तिथे एकदा मोठा ट्रक मला ओलांडून गेला. त्याच्या हवेने ट्रेलर आधी आत ओढला गेला, मग बाहेर ढकलला गेला. स्टिअरिंग हातातल्या हातात दोनदा हललं आणि मागच्या सीटवरची मुलं एकदम गप्प झाली. पाय ब्रेककडे जाऊ लागला होता. तो जाऊ द्यायचा नाही. ट्रकचा ब्रेक दाबला की मागून ट्रेलर ढकलतो आणि झोका वाढतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, झोक्याच्या उलट फिरवू नका आणि कंट्रोलरची खिटी हाताने दाबा. ट्रेलर मागून ताणला जातो आणि रेषेत येतो. मग पुढच्या सुरक्षित जागी थांबा आणि कारण शोधा: टंग वेट, टायरची हवा, वेग. बहुतेकदा या तिघांतच असतं. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी मी आता ट्रक स्टॉपवर मुक्काम करतो.

उतार. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे आणि बाहेर पडताच ७ टक्क्यांपर्यंतचा उतार लागतो. आपल्याकडचे घाटातले जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इथेही तेच करा. टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) आधी चालू करा आणि उताराच्या माथ्यावरच, वेग वाढण्यापूर्वी, गिअर खाली घ्या. वेग वाढलाच तर ब्रेक ठामपणे दाबून दहाएक मैलांनी कमी करा आणि पूर्ण सोडा. पाय सतत ब्रेकवर टेकवून ठेवलात तर ब्रेक तापून निकामी होतात. जळका वास आला तर तो कदाचित तुमचाच असेल, असं धरून थांबा.

प्रत्येक थांब्यावर: एक पूर्ण फेरी मारा. चाकाच्या मधल्या भागाजवळ हाताचा मागचा भाग न्या. चारही सारखे कोमट हवेत, एकच चटका देणारा असेल तर तिथला ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग गेलंय. कपलरची पिन, साखळ्या, वायर, बारच्या खिट्या पाहा. माझी मुलगी आता ही फेरी माझ्यासोबत मारते आणि पिनेला हात लावून "आहे" म्हणते.

## ११. पोचल्यावर

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला तो हात सरकवा. जमेल तिथे ड्रायव्हरच्या बाजूने मागे घ्या, तिथलं आरशात दिसतं. मागे उभं राहणाऱ्याने तुमच्या आरशात दिसेल अशा जागी राहायचं. तो दिसेनासा झाला की लगेच थांबा. शंका आली की उतरा आणि जाऊन पाहा. एका बाजूला लावायचा घर्षणाचा झोकारोधक दांडा असेल तर मागे घेण्याआधी तो काढा, नाहीतर वाकतो.

सोडताना क्रम असा: आधी ट्रेलर डाव्या-उजव्या बाजूला सपाट करा. मग ठोकळे. मग दांडी उचलून बार ढिले करा. मग वायर, ब्रेकअवेची तार आणि साखळ्या. कपलर सगळ्यात शेवटी. ट्रक पुढे नेण्याआधी दोघांनी मिळून एकदा वाकून पाहा, काही अडकलेलं राहिलं आहे का.